कांकणाच्या पावाची कुळकथा

दसऱ्याच्या श्रीखंडासाठी बांधलेल्या चक्क्यातला वाटीभर चक्का आमच्या घरी उरला, आणि त्यावरून आजोबा आणि नात यांच्यात चांगलीच जुंपली. दुसऱ्या दिवशी सकाळी नातीने तो चक्का मैद्यात कालवला, गोळ्याची चार कडी वळली, वर तीळ भुरभुरवले, भट्टीत सरकवली आणि तासाच्या आत बशी माझ्यापुढे आणून ठेवली. म्हणाली, "आजोबा, बेगल खा."

मी खाल्ला. चवीला चांगला होता. पण माझी खोड अशी की चांगल्या लागणाऱ्या गोष्टीचाही दाखला मागायचा. मी विचारले, "पण यीस्ट कधी घातलेस? पीठ फुगले कधी?"

"यीस्ट नाहीच त्यात. बेकिंग पावडर आहे."

"मग हा बेगल कसला? मध्ये भोक आहे म्हणून तू उद्या मेदूवड्यालाही बेगल म्हणशील!"

"मग बेगल कशाने होतो ते तुम्ही सिद्ध करा," असे म्हणून ती निघून गेली.

इतिहासाच्या नादी लागलेल्या माणसाला असे आव्हान म्हणजे भुकेल्यास आमंत्रणच. मी चार दिवस पुस्तकांत डोके घालून बसलो. निकाल माझ्याच बाजूने लागणार याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती. प्रत्यक्षात काय झाले ते वाचकांपुढे ठेवतो.

बेगल हा मूळचा पूर्व युरोपातल्या ज्यू लोकांचा पाव. घट्ट मळलेल्या पिठाचे कडे करायचे, ते फुगू द्यायचे, मग उकळत्या पाण्यात क्षणभर सोडून बाहेर काढायचे आणि त्यानंतर भट्टीत भाजायचे, अशी त्याची रीत. आधी उकडणे आणि मग भाजणे, हे त्याचे वैशिष्ट्य. उकळत्या पाण्याने वरच्या थरातील पिष्ट शिजून चिकट होते, त्याची साय धरल्यासारखी पापुद्री बनते आणि भट्टीत तीच तुकतुकीत, चिवट कवच होते. बेगल चावताना दातांना जो थोडा विरोध होतो, तो त्यामुळे आणि घट्ट मळणीमुळे.

त्याच्या जन्माविषयी एक सुरस कथा सांगतात. 1683 साली तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातला असता पोलंडचा राजा यान सोबिएस्की मदतीस धावून गेला आणि शहर वाचले. राजाला घोड्यांचे वेड. तेव्हा एका कृतज्ञ पाववाल्याने रिकिबीच्या आकाराचा पाव करून त्याला नजर केला, तोच बेगल! गोष्ट ऐकायला झकास आहे. अडचण एवढीच की पोलंडमधील क्राकोव शहराच्या ज्यू समाजाच्या 1610 सालच्या नियमांत बेगलचे नाव आलेले आहे. बाळंतपणाच्या आनंदप्रसंगी द्यायच्या भेटींच्या संदर्भात तो उल्लेख येतो. म्हणजे रिकिबीच्या आधी 73 वर्षे बेगल बाळंतिणीच्या घरी जाऊन पोचला होता. राजाच्या घोड्यापेक्षा मला हे ठिकाण अधिक आवडले. आपल्याकडे अशा घरी डिंकाचे लाडू जातात, तिकडे पावाची कडी जात.

त्याच क्राकोव शहरात बेगलचा एक वडीलधारा नातेवाईक आहे. त्याचे नाव ओब्वाझानेक. तोही कड्यासारखा, तोही आधी उकळत्या पाण्यातून काढून मग भाजलेला. राणी यादविगाच्या दरबाराच्या 1394 सालच्या हिशेबात त्याची नोंद सापडते. ओब्वाझानेक हे नावच मुळी 'उकळत्या पाण्यातून काढलेला' अशा अर्थाच्या पोलिश क्रियापदावरून पडले आहे. आणि 'बेगल' हा यिडिश शब्द? त्याचे मूळ जुन्या जर्मन भाषेतील ज्या शब्दात सापडते, त्याचा अर्थ आहे कडे, कांकण.

कांकण! हा अर्थ वाचला आणि मला गोवा आठवला. पोर्तुगीज 1510 साली गोव्यात आले आणि त्यांच्यामागून त्यांचा पावही आला. इथे त्यांच्या ओळखीचे खमीर मिळेना, तेव्हा माडाच्या सुरेने पीठ फुगवण्याची युक्ती रूढ झाली. गोव्याच्या पोदेरांच्या टोपलीत उंडो, पोळी यांच्याबरोबर एक कडक, गोल, मधून मोकळा पावही असतो आणि त्याला बांगडी या अर्थाच्या कोंकणी शब्दानेच ओळखतात. त्याचा आणि बेगलचा रक्ताचा संबंध नाही. पण क्राकोवच्या माणसाला आणि मांडवीकाठच्या माणसाला पिठाचे कडे पाहून एकच दागिना आठवावा, यात मनुष्यस्वभावाची काही खूण आहे खरी. आपल्या फराळाच्या ताटातले कडबोळे तरी दुसरे काय आहे?

इथवर आलो आणि माझ्या लक्षात आले की खटला हातचा जातो आहे. एक नाव आकारावरून पडलेले, दुसरे उकळण्यावरून. यीस्टचा दोन्हीकडे पत्ता नाही! अर्थात त्या काळी पाव फुगवण्याचा दुसरा मार्गच नव्हता. मागच्या पिठाचा आंबलेला गोळा किंवा दारूच्या पिंपावरचा फेस, यावाचून पाव होत नसे. मग त्याचे वेगळे नाव कोण घेणार? म्हणून मी दुसरा मुद्दा पुढे केला. मनाशी म्हटले, यीस्ट म्हणजे सबुरी. यीस्ट हा जिवंत प्राणी. तो पिठातील साखर खातो, कर्बवायू सोडतो, आणि त्या वायूच्या बुडबुड्यांनी पीठ फुगते. हे त्याला घाईने करता येत नाही. रात्रभर थंडाव्यात पडून राहिलेल्या पिठाला जो वास आणि स्वाद येतो, तो विकत मिळत नाही. नातीच्या बेगलमध्ये ती रात्र कुठे आहे?

पण ही रात्र कोणाची, याचा शोध घेऊ लागलो आणि माझा आवाज खाली आला.

1881 पासून 1924 पर्यंत सुमारे वीस लाख ज्यू पूर्व युरोप सोडून अमेरिकेत गेले. त्यांच्यातले पाववाले न्यूयॉर्कच्या पूर्वभागातील तळघरांत भट्ट्या लावून बसले. गिऱ्हाइकाला पाव पहाटे ताजा हवा, म्हणजे पाववाल्याने रात्रभर जागायला हवे. खिडकी नाही, वर पाण्याचे आणि मोरीचे नळ, खाली धगधगती भट्टी, आणि कामाचे तास बारा-बारा, चौदा-चौदा. 1895 साली न्यूयॉर्क राज्याने कायदा केला की पाववाल्यांकडून दिवसाला दहा आणि आठवड्याला साठ तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये. एका भट्टीमालकाने त्याविरुद्ध दाद मागितली. 1905 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी मर्यादेचे ते कलम रद्द केले. कारण दिले ते असे की, किती तास राबायचे याचा करार करण्याचे मालकाचे आणि मजुराचे स्वातंत्र्य त्याने हिरावले जाते! आपण ज्याला यीस्टची सबुरी म्हणतो, ती त्या तळघरात कोणाच्या तरी झोपेतून कापून घेतलेली होती.

बेगलवाल्यांनी पुढे आपली संघटना बांधली. 'लोकल 338' हे तिचे नाव. सभासद सुमारे तीनशे. भाऊ, मुलगा, जावई यांनाच बहुधा प्रवेश. चौघांचे टोळके असे: दोघे कडी वळणार, एक कढईवर उकळणार, एक भट्टी सांभाळणार. त्यांची मूठ इतकी घट्ट होती की 1951 च्या डिसेंबरात त्यांनी काम थांबवले तेव्हा न्यूयॉर्कमध्ये बेगलचा दुष्काळ पडल्याची बातमी वर्तमानपत्रांत झळकली. पण जे मालकांना जमले नाही ते एका गणिताच्या शिक्षकाला जमले. कॅलिफोर्नियाच्या डॅनियल थॉम्पसनने कडी वळणारे यंत्र बनवले आणि 1963 साली न्यू हेवन येथील लेंडर कुटुंबाने ते भाड्याने घेतले. गोठवलेले बेगल पाकिटांतून घरोघर पोचू लागले आणि सत्तरीच्या दशकात ती संघटना नाहीशी झाली. रात्रीची मजुरी गेली, तशी मजुराची मिजासही गेली. हे चांगले झाले की वाईट, याचे उत्तर एका शब्दात देणे मला तरी साधत नाही.

आता आमच्या घरच्या बेगलचे कूळ पाहू. ते निघते निराळ्याच घराण्यातून. लाकडाच्या राखेतून काढलेला क्षार घालून पीठ हलके करण्याची युक्ती अमेरिकेत जुनी आहे. 1796 साली छापलेल्या अमेलिया सिमन्सच्या पाकपुस्तकात ती आहे. पापडखार घालणाऱ्या आपल्या बायकांना यात नवल वाटणार नाही. पुढे खाण्याचा सोडा आला. सोड्याला आंबट वस्तू भेटली की कर्बवायू सुटतो. ताकात किंवा दह्यात सोडा घातला की फसफसतो तो याचमुळे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचा औषधविक्रेता आल्फ्रेड बर्ड याच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे. तिला पाव खाता यावा म्हणून त्याने 1843 साली सोडा आणि कोरडे आम्ल एकत्र करून भुकटी बनवली. दमटपणाने दोघांची आधीच गाठ पडू नये म्हणून अशा भुकटीत पिष्ट मिसळतात. दोनच वर्षांनी ब्रिस्टलच्या हेन्री जोन्सने ही सामग्री पिठातच मिसळून 'आपोआप फुगणारे पीठ' काढले. 1856 साली अमेरिकेत एबेन हॉर्सफर्ड या प्राध्यापकाने द्राक्षाम्लाच्या क्षाराऐवजी फॉस्फेट वापरण्याचा हक्क नोंदवला आणि भुकटी स्वस्त होण्याची वाट मोकळी झाली.

म्हणजे या भुकटीच्या मुळाशी आळस नव्हता. पाव न सोसणाऱ्या एका बाईची पावाची इच्छा होती. राजाच्या रिकिबीपेक्षा ही गोष्ट साधी, पण मला अधिक हृद्य वाटली.

एक इशारा मात्र देऊन ठेवतो. यीस्ट नाही म्हणजे पाव बेखमीर झाला असे नव्हे. ज्यूंच्या वल्हांडण सणात खमीर वर्ज्य असते. पण त्यांच्या शास्त्राप्रमाणे पिठाला पाणी लागून ते अठरा मिनिटे तसेच पडून राहिले तरी खमीर झालेच. तेव्हा आमचा बेगल त्या सणाला चालणार नाही. आपल्या कोकणातील मराठी बोलणारे बेने इस्रायल या सणाला जे नाव देत, त्याचा अर्थच आंबट रसाचे भांडे झाकून ठेवण्याचा सण असा होता. बेगल काही त्यांचा नव्हे. पण आंबणे म्हणजे काय हे त्यांच्या घरातील बाईला कोणी पुस्तकातून शिकवावे लागले नसते.

असो. पाचव्या दिवशी मी नातीला बोलावून निकाल वाचून दाखवला. "यिडिश नावाप्रमाणे तुझा पाव बेगल ठरतो, कारण ते कांकण आहे. पोलिश नावाप्रमाणे नापास, कारण तू ते उकळले नाहीस. यीस्टविषयीचा माझा आक्षेप मी मागे घेतो."

"मग उकळू या की," ती म्हणाली.

पुन्हा घाट घातला. वाटीभर मैदा, दीड चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा मीठ. त्यात मावेल तसा पाऊण ते एक वाटी चक्का. चक्का पाणी निथळलेला हवा, नाहीतर गोळा हाताला चिकटतो. पाच मिनिटे मळून चार भाग केले, सुरळ्या वळून टोके दाबून जोडली. पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात चमचाभर मध घातला आणि कडी दोन्ही अंगांनी अर्धा-अर्धा मिनिट सोडली. भुकटीचा थोडा जोर पाण्यातच जातो, म्हणून याहून अधिक वेळ ठेवू नयेत. निथळून वर दुधाचा हात फिरवला, खसखस लावली आणि 190 अंशांच्या तापलेल्या भट्टीत पंचवीस मिनिटे ठेवली. सारे मिळून तास पुरा झाला नाही.

या वेळी वर तकाकी आली होती आणि दातांना ती ओळखीची चिवट अडवणूकही जाणवली. रात्रभर मुरलेल्या पिठाचा वास नव्हता. तो नव्हता हे मी प्रामाणिकपणे सांगितले. पण त्यासाठी घरातल्या कोणाला रात्र जागावी लागली नव्हती, हेही सांगितले.

"मग आता बेगल म्हणू ना?" तिने विचारले.

"म्हण," मी म्हणालो, आणि दुसऱ्यासाठी बशी पुढे केली.