मंगळाची वाट

इतिहास म्हटला की लढाया आणि तह डोळ्यांपुढे उभे राहतात. आज मात्र मी एका वाटेचा इतिहास सांगणार आहे. ती आधी कागदावर आखली गेली आणि मग आपले मंगळयान तिच्यावरून चालले.

या आखणीचे मूळ जर्मनीत सापडते. वाल्टर होमान हा एसेन शहरातील बांधकाम अभियंता. ग्रहाकडे सरळ रेघेत धावणे ही इंधनाची उधळपट्टी होय, हे त्याने १९२५ साली गणिताने दाखवून दिले. एका टोकाशी पृथ्वीच्या आणि दुसऱ्या टोकाशी मंगळाच्या कक्षेला स्पर्श करणारी लंबवर्तुळाकार वाट धरली, तर प्रवास लांबतो. पण इंधन फार थोडे लागते. मात्र अशी संधी सुमारे २६ महिन्यांनी एकदाच येते.

आपल्यापाशी ताकदीचीच वानवा होती. मोठा अग्निबाण जीएसएलव्ही २०१० साली दोनदा अपयशी ठरल्यामुळे हे काम धाकट्या पीएसएलव्हीवर आले. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी त्याने १,३३७ किलोचे यान पृथ्वीच्या कक्षेत नेऊन सोडले. पुढे पाठविणे त्याच्या आवाक्याबाहेर होते. तेव्हा शास्त्रज्ञांनी झोक्याची युक्ती योजली. झोका खाली येऊन भरवेगात असतो, त्याच वेळी त्याला धक्का द्यावा. तसेच यान पृथ्वीच्या अगदी जवळून जाई तेव्हा इंजिन थोडा वेळ चालवायचे आणि प्रत्येक खेपेस कक्षा वाढवीत न्यायची.

११ नोव्हेंबरला घात झाला. इंधनाच्या झडपेची मुख्य व राखीव अशी दोन्ही वेटोळी एकदम चालू करताच प्रवाह थांबला. कक्षेचे दूरचे टोक सुमारे एक लाख किलोमीटरांवर न्यायचे होते, ते ७८,२७६ वरच अडले. दुसऱ्या दिवशी जादा धक्का देऊन १,१८,६४२ किलोमीटर गाठले. हे साधले, कारण हिशेबात चुकीसाठी इंधनही राखले होते आणि दिवसही. संप पुकारण्यापूर्वी आम्ही निधीची शिल्लक पाहतो, तोच हा व्यवहार.

१ डिसेंबरला यानाने पृथ्वीची कक्षा सोडली. नेम इतका बिनचूक लागला की वाटेतल्या काही नियोजित दुरुस्त्या वगळता आल्या. जवळजवळ दहा महिने निजलेले मोठे इंजिन २२ सप्टेंबर २०१४ रोजी चार सेकंद चालवून पाहिले, आणि २४ तारखेला यान मंगळाच्या कक्षेत शिरले. सहा महिन्यांसाठी पाठविलेले हे यान २०२२ पर्यंत बोलत राहिले.

पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्याला लागणारी विकास इंजिने मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यातही बनतात. गणिताने आखलेली वाट अखेर कामगाराच्या हातातील मापावर विसंबते. मंगळाची गोष्ट मुलांना सांगाल, तेव्हा त्या हातांचेही नाव घ्या, एवढीच विनंती.