मापाचंही माप

माझ्या लहानपणी धान्य पायलीने मोजत. गाव बदललं की पायलीही बदले. संगणकाच्या जगात हीच गोष्ट पुन्हा भेटेल असं वाटलं नव्हतं.

१९९० च्या सुमारास एका कचेरीच्या संगणक-खरेदी समितीवर मी होतो. दोन निविदांपैकी ज्यात 'मिप्स' जास्त, ते यंत्र आम्ही घेतलं. पगारपत्रकं मात्र पूर्वीइतक्याच सावकाश निघत राहिली. तो आकडा येतो कुठून, हा माझा शोध तिथून सुरू झाला.

मिप्स म्हणजे सेकंदाला किती दशलक्ष आज्ञा. त्याचा मानदंड होता 'डिजिटल' कंपनीचा १९७७ सालचा व्हॅक्स ११/७८०. त्याची गती एक मिप्स धरलेली. १९८४ साली राइनहोल्ड वायकर यांनी 'ड्राइस्टोन' ही चाचणी लिहिली. व्हॅक्सवर तिच्या सेकंदाला १७५७ फेऱ्या होतात असं मानलं गेलं. मग कुठल्याही यंत्राच्या फेऱ्यांना १७५७ ने भागायचं, की झाले मिप्स!

गंमत म्हणजे त्याच वर्षी डिजिटलच्याच जोएल एमर आणि डग्लस क्लार्क यांनी व्हॅक्स प्रत्यक्ष मोजला. एका आज्ञेला सरासरी १०.६ ठोके, ठोका २०० नॅनोसेकंदांचा. म्हणजे सेकंदाला पाच लाखांहूनही कमी आज्ञा. मानदंडच निम्मा निघाला.

तरी तुलना त्याने बिघडत नाही. दोन्ही पोती एकाच पायलीने मोजली म्हणजे झालं. खरी अडचण चाचणीतच होती. ड्राइस्टोन इतकी छोटी, की ती कॅशमध्ये सहज मावे. शिवाय ज्याचं उत्तर पुढे वापरलंच जात नाही, ते काम हुशार कंपायलर गाळून टाकत. हे रोखायला वायकर यांनी १९८८ मध्ये दुसरी आवृत्ती काढली. त्याच वर्षी 'स्पेक' ही संस्था स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी तिने खऱ्याखुऱ्या वापरातल्या प्रोग्रॅमवर बेतलेला संच आणला. पण त्यातली 'मॅट्रिक्स३००' चाचणीही कंपायलरांनी अशी हेरली, की १९९२ च्या संचातून ती वगळावी लागली.

आमच्या पगारपत्रकाचा बहुतेक वेळ डिस्कवर वाचण्या-लिहिण्यात जाई. ड्राइस्टोन डिस्कला हातही लावत नाही. निविदेतला आकडा खोटा नव्हता. तो आमच्या प्रश्नाचं उत्तर नव्हता, एवढंच. आमचंच पगारपत्रक दोन्ही यंत्रांवर चालवून पाहायला एक दुपार पुरली असती.