‘येणे’ आणि गव्हाचे रोप

‘येणे’ या क्रियेला चिनी भाषेत ‘लाइ’ म्हणतात. बोलण्यात पावलोपावली लागणारे हे क्रियापद ज्या अक्षराने लिहितात, ते मुळात गव्हाच्या रोपाचे चित्र आहे: मधोमध ताठ, दोन्ही बाजूंना झुकलेली पाने, खाली मुळे. गव्हाचा आणि येण्याचा संबंध काय?

इ. स. १०० मध्ये शू शेन या विद्वानाने नऊ हजारांहून अधिक अक्षरांची फोड करणारा ‘शुओवेन जिएझी’ हा कोश सिद्ध केला. त्याचे उत्तर असे, की गहू हे चौ घराण्याला लाभलेले शुभ धान्य. ते स्वर्गातून आले, म्हणून त्याच्या चित्राने ‘येणे’ लिहू लागले. उत्तर रमणीय खरे. परंतु लिपीचे सर्वांत जुने नमुने त्या वेळी भूमीत गाडलेले होते.

ते १८९९ साली वांग यीरोंग या पंडिताच्या ध्यानात आले. हेनान प्रांतात, आनयांगजवळच्या शांग राजधानीत, बैलांच्या हाडांवर आणि कासवांच्या कवचांवर राजांनी लावलेले कौल कोरून ठेवले होते. एका लेखात पावसाविषयी पृच्छा आहे: तो पश्चिमेकडून येईल, पूर्वेकडून, उत्तरेकडून की दक्षिणेकडून? तेथे ‘येणे’ म्हणून गव्हाचेच रोप कोरलेले आहे, आणि चौ घराणे तर अद्याप सत्तेवर यायचे होते!

उलगडा ध्वनीत आहे. मराठीत ‘कर’ म्हणजे हात आणि ‘काम कर’ यातही ‘कर’च. हाताचे चित्र काढून ही आज्ञा लिहावी, तशीच ही युक्ती. येण्याचे चित्र काढणे अवघड. म्हणून समान उच्चाराच्या धान्याचे चित्र उसने घेतले. ते परत मात्र केले नाही! गव्हासाठी ‘माइ’ हे दुसरे अक्षर रूढ झाले, आणि गंमत अशी, की त्याच्या तळाशी पाऊल आहे. पाऊल शोभते ते येण्याला. तेव्हा दोन्ही अक्षरांची अदलाबदल झाली असावी, असे काही अभ्यासक मानतात.

गहू चीनमध्ये बाहेरून आला, हे मात्र सत्य आहे. राळा आणि भात तेथलेच. गव्हाची लागवड पश्चिम आशियात सुरू झाली, आणि शांतुंग प्रांतात सापडलेले त्याचे दाणे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे आहेत. परंतु तेवढ्यावरून शू शेनची व्युत्पत्ती सिद्ध होत नाही.

रोपाची दोन पाने पुढे ‘माणूस’ या अर्थाच्या दोन अक्षरांसारखी दिसू लागली. १९५६ च्या लिपिसुधारणेत चीनने त्यांच्या जागी दोन लहान रेघा स्वीकारल्या. तैवान आणि हाँगकाँगमध्ये जुनेच रूप चालते.