दुष्काळातला स्वयंसेवक: पत्र कुणी, कुणाला लिहिलं?

‘नगर जिल्ह्यातल्या दुष्काळावर काम करायचंय’ असं ठरवलं असेल, तर आधी एक गोष्ट बघा. तुमच्या हाती येणारे बरेचसे कागद दुष्काळग्रस्तांचे नसतात. ते बाहेरून मदतीला आलेल्यांचे असतात. दोन उदाहरणं घेऊ.

पहिलं १८७६–७८ च्या दुष्काळाचं. पुण्याच्या सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यातून माहिती गोळा केली आणि सरकारला पत्रांमागून पत्रं लिहिली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यात पुढे होते. त्याच काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे, इतकी खाली आणायचा आग्रह धरला होता. १८७७ च्या सुरुवातीला मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामं सोडली. सभेने त्यांची बाजू घेतली. म्हणजे ही पत्रं नुसती माहिती नाही, ते सरकारशी चाललेलं भांडण आहे. पत्राचा वाचक सरकार आहे, म्हणून त्यात आकडे, दर, नियम जास्त येतात. नगरमधून जाणाऱ्या दौंड–मनमाड रेल्वेच्या मातीकामावर दुष्काळी मजूर राबले. १८७८ मध्ये गाडी सुरू झाली. पण माती उचलणाऱ्या बाईला काय वाटलं, हे या पत्रांत शोधून सापडणं अवघड.

दुसरं उदाहरण १८९९–१९०० चं. अमेरिकन मराठी मिशनचे रॉबर्ट ॲलन ह्यूम १८७४ पासून नगरला होते. अमेरिकेतून आलेल्या मदतीच्या वाटपात त्यांचा मोठा वाटा होता आणि त्यासाठी त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक मिळालं. गंमत अशी, की ह्यूम जन्माने मुंबईचे! मग त्यांना ‘परदेशी स्वयंसेवक’ म्हणायचं का? आणि मिशनचा अहवाल वाचणारा अमेरिकेतला देणगीदार. त्यामुळे त्यात भूक आणि धर्मांतर एकाच पानावर भेटतात. म्हणून अहवाल खोटा ठरत नाही. पण धान्य आणि धर्म यांचा संबंध त्या अहवालाच्याच शब्दांत मांडू नका.

मग करायचं काय? एकाच घटनेचे दोन-तीन कागद शेजारी ठेवा. १८८४ चं नगर जिल्ह्याचं गॅझेटियर, सभेची पत्रं, मिशनचे अहवाल, नगरलाच १८४२ मध्ये सुरू झालेला ‘ज्ञानोदय’. प्रत्येकासमोर तीन प्रश्न लिहा: याला पाठवलं कुणी? वाचणार कोण? नाव कुणाचं नाही? धान्य मोजणारा, गाडी हाकणारा, गावात वाट दाखवणारा माणूस बहुतेक वेळा निनावी असतो. तिसऱ्या प्रश्नाखाली जी यादी तयार होईल, तिथून तुमचा विषय सुरू करा.