चावी मिळाली, पण घर कुणाच्या नावावर? भिवंडीतल्या खोलीची गोष्ट

दिवाळीच्या आधी ताबा मिळावा म्हणून आपल्याकडे किती घाई असते! चावी हातात आली की दूध उतू घालायचं, वास्तुशांतीची तारीख धरायची, टेम्पो ठरवायचा. कागद नंतर बघू. हे "नंतर बघू" भिवंडीत कुठून आलं, त्याला जुना इतिहास आहे.

भिवंडीला नगरपालिका आली 1864 साली, महानगरपालिका झाली ती या शतकाच्या सुरुवातीला. मधल्या काळात गाव वाढलं ते मागाच्या खडखडाटावर. खाली यंत्रमाग, वर राहायच्या खोल्या. माग चालवायला उत्तर प्रदेशातून, तेलंगणातून, आपल्या देशावरून माणसं येत गेली आणि जिथे काम तिथेच बिऱ्हाड झालं. जुन्या गावात पागडीची पद्धत. भाडेपावती हाच मालकीसारखा कागद. पुढे खोल्या "विकल्या" जाऊ लागल्या, पण व्यवहार राहिला तोच. शंभर-पाचशेचा स्टॅम्प पेपर, नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदार आणि मालकाची जबान.

आता गंमत बघा. 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा म्हणतो की शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मालमत्ता नोंदणीकृत दस्तानेच विकता येते. शंभर रुपये! नोटरी फक्त सही कुणाची ते सांगतो, मालकी देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प खटल्यात हेच ठणकावून सांगितलं, कुलमुखत्यारपत्रावर घर विकत घेतलं असं होत नाही. तरी आपल्याकडे आजही "नोटरी झाली ना, मग झालं" म्हणणारे भेटतातच.

फ्लॅटसाठी महाराष्ट्राने 1963 मध्येच वेगळा कायदा केला, लोक त्याला मोफा म्हणतात. त्यात एक वाक्य आहे जे फार कमी जणांनी वाचलंय: जिथे पूर्णत्वाचा दाखला लागतो तिथे तो मिळाल्याशिवाय बिल्डरने ताबा द्यायचा नाही, आणि घेणाऱ्यानेही घ्यायचा नाही. दोघांनाही बंदी! याच कायद्याच्या नियमांत सोसायटी झाल्यावर चार महिन्यांत जमीन सोसायटीच्या नावावर करून द्यायची असं आहे. किती ठिकाणी झालं? ते होत नाही म्हणून सरकारला 2008 मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची, तरतूद आणावी लागली, यातच उत्तर आलं.

हा कागदांचा घोळ कोरडा वाटतो, पण इमारत जुनी झाली की तो अंगावर येतो. सोसायटीच नाही, तर दुरुस्तीचे पैसे कोण गोळा करणार? सातबाऱ्यावर जमीन दुसऱ्याची, तर पुनर्बांधणी कुणाच्या अर्जावर? मालक म्हणतो खोली तुम्ही घेतलीय, रहिवासी म्हणतात इमारत तुमची आहे. नोटिसा येतात, भिंतीवर चिकटतात. जाणार कुठे?

21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली, झोपेतच चाळीसच्या आसपास माणसं गेली. 29 एप्रिल 2023 ला वलपाड्यात वर्धमान इमारत पडली, आठ मृत्यू. खाली गोदाम, वर कुटुंबं. मागाच्या जागी गोदाम आलं, वर राहणं तसंच राहिलं.

शहराबाहेर आणखी एक गोंधळ. काल्हेर, कशेळी, पूर्णा या पट्ट्यात टॉवर उभे राहिले. भिवंडीच्या आसपासच्या गावांसाठी 2007 पासून एमएमआरडीए नियोजन प्राधिकरण आहे, पण "ग्रामपंचायतीची परवानगी आहे, घरपट्टी लागलीय" असं सांगून अजून घरं विकली जातात. घरपट्टीची पावती म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे, हे आधी डोक्यात पक्कं करा. मे 2017 पासून महारेरा आहे. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. पण पुनर्विक्रीच्या जुन्या खोलीत महारेरा कुठे शोधणार? तिथे भोगवटा प्रमाणपत्र, सातबारा, सोसायटीचं ना हरकत पत्र आणि आधीच्या सगळ्या दस्तांची साखळी आपल्यालाच तपासावी लागते.

नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये गाव आणि मिळकत क्रमांक टाकला की सूची क्रमांक 2 दिसते. उरलेली रक्कम देण्याआधी एकदा ती काढून विकणाऱ्याचं नाव जुळतंय का बघा. टेम्पोवाला दोन दिवस थांबतो.