नॅनोतारांवरील पेरोव्स्काइट पटल

धातू-ऑक्साइडाच्या उभ्या नॅनोतारांवर वाढवलेला, सौरघटात प्रकाश शोषणारा पेरोव्स्काइटचा पातळ थर. मूळ पेरोव्स्काइट म्हणजे उरल पर्वतात सापडलेले कॅल्शियम टायटॅनेट हे खनिज. गुस्ताफ रोझे यांनी १८३९ मध्ये त्याची नोंद केली. सौरघटांत तशीच स्फटिकरचना असलेली हॅलाइडे, उदाहरणार्थ मिथिलअमोनियम लेड आयोडाइड, वापरतात. २००९ मध्ये जपानमध्ये त्सुतोमू मियासाका यांच्या गटाने असा पहिला घट केला. त्याची कार्यक्षमता ३.८ टक्के होती.

उद्देश : प्रकाशामुळे मोकळा झालेला इलेक्ट्रॉन विद्युत् अग्रापर्यंत पोचायला हवा. नॅनोकणांच्या सच्छिद्र थरात तो कणाकणांच्या सीमांवर अडखळतो. एकस्फटिकी तारेत त्याला सरळ वाट मिळते.

वाढवण्याची रीत : टायटॅनियम डायऑक्साइडाच्या (टायटॅनियाच्या) तारांसाठी वाहक लेप दिलेली काच लेपाची बाजू खाली करून टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या पात्रात तिरकी टेकवतात. पाणी, हायड्रोक्लोरिक आम्ल व टायटॅनियम ब्युटॉक्साइड यांचे मिश्रण भरून पात्र बंद करतात व सुमारे १५०° से.ला काही तास तापवतात. नंतर तारांवर लेड आयोडाइडाचे द्रावण टाकून काच वेगाने फिरवतात. वाळलेला पिवळा थर मिथिलअमोनियम आयोडाइडाच्या द्रावणात बुडवताच गडद तपकिरी होतो : पेरोव्स्काइट तयार झाल्याची ही डोळ्यांना दिसणारी खूण. शेवटी सौम्य उष्णता देऊन स्फटिक वाढू देतात.

मर्यादा : तारा लांब केल्या की त्यांमधील फटी तळापर्यंत भरत नाहीत. २०१३ मध्ये दक्षिण कोरियात नाम-ग्यू पार्क यांच्या गटाने सुमारे ०.६ मायक्रोमीटर लांबीच्या टायटॅनिया दंडांवर (आखूड तारांवर) ९.४ टक्के कार्यक्षमता मिळवली. अधिक लांब दंडांवर ती घटली. झिंक ऑक्साइडाच्या तारा सुमारे ९०° से.ला सहज वाढतात, पण त्यांच्या आम्लारिधर्मी पृष्ठामुळे तापवताना पेरोव्स्काइटचे विघटन होते. यावर अतिपातळ संरक्षक लेप हा उपाय आहे. टायटॅनिया दंडांवरही असा लेप पृष्ठदोष झाकतो; दक्षिण कोरियातील चोन्नाम राष्ट्रीय विद्यापीठाच्या २०१५ मधील अशा कामात कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा सहभाग होता.

सद्यःस्थिती : २६ टक्क्यांपुढे गेलेले उच्चांकी घट बहुतांशी सपाट, तारांविना रचनेचे आहेत. तिथेही तार व पटल यांच्या संगमाने दाखवलेली गोष्ट लागू पडते : घटाचे यश केवळ शोषक थरावर नव्हे, दोन थरांच्या निर्दोष सांध्यावरही अवलंबून असते. ओलाव्याने होणारा ऱ्हास व शिशाची विषारिता हे प्रश्न दोन्ही रचनांत कायम आहेत.