ब्रुसेल्सची पोटनिवडणूक

वाचकहो, जर्मनीत १९३३ साली काय घडले ते आपणांस ठाऊक आहेच. मंत्रिमंडळात हिटलरसह नाझी तिघेच, बाकीचे आपलेच. तेव्हा हा गडी आपल्या मुठीत राहील, असा पापेनसारख्या मुरब्बी मंडळींचा हिशेब. तो पुरता चुकला. पण शेजारच्या बेल्जममध्ये चारच वर्षांनी निराळा डाव मांडला गेला, त्याची आठवण फारशी कोणी काढीत नाही.

लेओं देग्रेल हा तिथला तरुण पुढारी. कॅथलिक प्रकाशनसंस्थेतून वर आलेला, वक्तृत्व मोठे फर्डे. त्याच्या 'रेक्स' पक्षाची खूण होती केरसुणी! लाचखाऊ राजकारणी झाडून काढायचे, ही घोषणा. १९३६ च्या मे महिन्यात त्याने २०२ पैकी २१ जागा पटकावल्या, तेव्हा स्वारी तिशीचीही नव्हती. मते फुटली ती बव्हंशी कॅथलिक पक्षाची. त्या पक्षातल्या काहींना वाटे, पोरगे आपल्याच घरातले आहे, समजूत घालून परत आणावे. हा मोह मोठा असतो बरं का!

पुढल्या वर्षी देग्रेलने ब्रुसेल्समधल्या आपल्याच एका सभासदाला राजीनामा द्यायला लावला आणि पोटनिवडणुकीला स्वतः उभा राहिला. सरकारवर कौल घ्यायचा, हा बेत. तेव्हा पंतप्रधान पॉल व्हान झेलांट स्वतःच समोर ठाकले. कॅथलिक, उदारमतवादी आणि समाजवादी या तिघांनी दुसरा उमेदवार दिला नाही; कम्युनिस्टांनीही त्यांनाच पाठिंबा दिला. जरा कल्पना करा: व्हान झेलांट हे राष्ट्रीय बँकेतून आलेले गृहस्थ. कारखान्यातल्या समाजवादी कामगाराने अशा बँकवाल्याला मत द्यायचे! त्याला ते गोड का लागले असेल? पण दिले.

मतदान तिथे सक्तीचे. त्यामुळे नाराज कॅथलिकाला एक पळवाट होती, कोरी मतपत्रिका टाकण्याची. मतदानाच्या तोंडावर कार्डिनल व्हान रूय यांनी तीही बुजवली. रेक्स हा देशाला व धर्मसंस्थेला धोका आहे, कोरे मतही चालणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. माझ्या मते खरा घाव हाच. कारण तो घरच्या वडीलधाऱ्याने घातला.

११ एप्रिल १९३७. व्हान झेलांट यांना शेकडा ७६ मते, देग्रेलला १९.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच वर्षी ऑक्टोबरात राष्ट्रीय बँकेच्याच एका प्रकरणावरून व्हान झेलांट यांना पद सोडावे लागले. केरसुणीवाल्याची ओरड अगदीच निराधार नव्हती, असे म्हणायला लोकांना जागा मिळाली. तरीही १९३९ च्या निवडणुकीत रेक्सच्या जागा उरल्या अवघ्या चार. मात्र फ्लेमिश भागातला व्हीएनव्ही हा कडवा राष्ट्रवादी पक्ष १६ वरून १७ वर गेला. ब्रुसेल्समधल्या एकजुटीची झळ त्याला लागलीच नाही.